शॉप अ‍ॅक्टवर भागत नाही

कोथरूडमध्ये घरपोच नर्सिंग सुरू करायला शॉप अ‍ॅक्ट (दुकाने व आस्थापना कायद्याची नोंदणी) पुरे का, असं बरेच जण विचारतात. 20 पेक्षा कमी माणसं असतील तर शॉप अ‍ॅक्टखाली नुसती ऑनलाइन सूचना पुरते. घोडं अडतं ते नर्सच्या कागदांवर. केरळची नोंदणी असलेली नर्स आली तर आधी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करून घ्या, मगच ड्यूटी लावा. सलाइन, इंजेक्शन, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) यांना जीएनएम (नर्सिंग डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग झालेली नर्सच हवी. मावशींच्या (नर्सिंग न शिकलेल्या मदतनीस बायकांच्या) गळ्यात हे काम मारू नका (नर्स पुरवणारे ब्यूरोवाले सर्रास मारतात). वापरलेली सुई टोपण न लावता थेट पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात. डबा पाऊण भरला की बंद. सुई घंटागाडीत गेली तर कचरावेचक ताईंच्या हाताला टोचते. हॉस्पिटलला नर्स पुरवल्या तर तो मनुष्यबळ पुरवठा, त्यावर 18 टक्के जीएसटी. ते बिल वेगळंच ठेवा.