कर्मचाऱ्यांनी समाजमाध्यमांवर कंपनीविषयी लिहावे यासाठी त्यांना प्रोत्साहन कसे द्यावे?

प्रश्न:
सर्वांना नमस्कार. मी सुमारे तीनशे कर्मचारी असलेल्या एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात काम करते. आमच्या कर्मचाऱ्यांनी लिंक्डइनसारख्या माध्यमांवर कंपनीच्या कामाविषयी लिहावे, अशी व्यवस्थापनाची इच्छा आहे. मला ती रास्त वाटते, कारण कंपनीच्या अधिकृत पानावरील मजकुरापेक्षा तेथे प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाचे शब्द लोक अधिक विश्वासाने वाचतात. गेल्या तिमाहीपासून आम्ही दर सोमवारी तयार मजकूर आणि चित्र सर्वांना ईमेलने पाठवतो. पहिले दोन आठवडे पुष्कळांनी ते आपापल्या खात्यावर टाकले. आता पाच-सहा जणांखेरीज कोणीही टाकत नाही. त्यामुळे पोस्टची संख्या वार्षिक मूल्यमापनात धरावी, अशी सूचना पुढे आली आहे. तसे करावे का? शिवाय कोणी भलतेच काही लिहिले तर काय, या विधी विभागाच्या शंकेला काय उत्तर द्यावे?

उत्तर १:
मूल्यमापनात मुळीच धरू नका. मी बारा वर्षे जनसंपर्काचे काम करतो आहे आणि हीच चूक माझ्या आधीच्या कंपनीत जवळून पाहिली आहे. एका पुरस्काराच्या निमित्ताने आम्ही सर्वांना मजकूर पाठवला आणि दुपारपर्यंत साठेक खात्यांवर तो शब्दशः झळकला. ‘येथे आपला अनुभव लिहावा’ ही आमची सूचनाही काहींनी तशीच ठेवली होती. ही सगळी खाती तुम्हीच चालवता का, असे एका जुन्या ग्राहकाने फोन करून विचारले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्याच महिन्यात देखभाल विभागातील एका तंत्रज्ञाने, कोणीही न सांगता, झिजलेल्या बेअरिंगचे छायाचित्र टाकले आणि यंत्र बंद पडण्याआधी त्याचा आवाज कसा बदलत जातो, हे आठ-दहा ओळींत लिहिले. कंपनीचे नाव एकदाच, तेही ओघात आले होते. खाली इतर कारखान्यांतील लोकांनी प्रश्न विचारले आणि त्याने एकेकाला सविस्तर उत्तर दिले. पुढे नोकरीच्या मुलाखतीला आलेल्या दोन उमेदवारांनी आमच्या पुरस्काराचा नव्हे, तर त्या पोस्टचा उल्लेख केला.

म्हणून मजकूर देऊ नका. विषय सुचवा, छायाचित्र घेण्याची परवानगी कोठे आहे ते सांगा आणि लिहिण्यासाठी कामाच्या वेळातला थोडा वेळ द्या. वरिष्ठांनी आधी स्वतः लिहावे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. साहेबांचे खाते वर्षभर ओस पडलेले असेल, तर बाकीचे जपूनच राहणार.

उत्तर २:
विधी विभागाच्या शंकेविषयी लिहितो. आयबीएमने २००५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या ब्लॉगलेखनासाठी मार्गदर्शक तत्त्वे केली, तेव्हा त्यांचा मसुदा ब्लॉग लिहिणाऱ्या कर्मचाऱ्यांनीच विकीवर, म्हणजे अनेकांना एकत्र लिहिता-बदलता येणाऱ्या संकेतस्थळावर, मिळून तयार केला. आपल्या लेखनाची जबाबदारी आपली, कंपनीच्या कामाविषयी लिहिताना स्वतःची ओळख द्यावी, मते वैयक्तिक असल्याचे सांगावे, गोपनीय माहिती उघड करू नये आणि ग्राहकाचा उल्लेख त्याच्या संमतीशिवाय करू नये, असा त्यांचा गाभा होता. आपल्याकडेही लिहिणाऱ्या मंडळींना विधी विभागासोबत बसवून एका पानाचे नियम करावेत. वीस पानी धोरण कोणी वाचत नाही.

ओळख देण्याचा मुद्दा केवळ सौजन्याचा नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने, २००९ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शिकेत नेमके असेच उदाहरण आहे: संगीत ऐकण्याच्या उपकरणांविषयीच्या एका चर्चास्थळावर उत्पादक कंपनीचाच कर्मचारी ओळख न देता त्या उपकरणाची भलामण करतो. त्याने कंपनीशी असलेले नाते स्पष्ट सांगायला हवे होते, असे तेथे म्हटले आहे. नाते परिचयात नमूद असले, तरी प्रत्येक वाचक परिचय उघडून पाहत नाही. ‘मी येथे काम करतो’ हे त्या पोस्टमध्येच आले पाहिजे. आणखी एक खबरदारी घ्यावी: वेतन आणि कामाच्या परिस्थितीविषयी बोलू नका, असा सरसकट नियम घालू नये. अमेरिकेत १९३५च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याने कर्मचाऱ्यांना त्याविषयी आपसांत बोलण्याचे संरक्षण दिले आहे.

उत्तर ३:
मी व्यवस्थापनात नाही, सॉफ्टवेअर चाचणीचे काम करते. माझ्या खात्यावर माझे शिक्षक, जुने सहकारी आणि नातेवाईक आहेत. तेथे काय दिसावे हे मीच ठरवणार. काहींना समाजमाध्यमे नकोच असतात, तर काहींना वैयक्तिक सुरक्षिततेसाठी नोकरीचे ठिकाण उघड करायचे नसते. त्यांना कारण न विचारता नकार देता आला पाहिजे, आणि ते निवेदनात लेखी असावे.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. मूल्यमापनाची सूचना मागे घ्यावी, असे टिपण मी उद्याच देणार आहे. सोमवारचा ईमेलही थांबवते. त्याऐवजी महिन्यातून एकदा इच्छुकांसाठी तासाभराची बैठक ठेवू. नियमांचा कच्चा मसुदा तयार झाला की येथेच मांडेन. उत्तर २ लिहिणाऱ्यांनी तो अवश्य तपासावा, ही विनंती.