ठाण्यात घरून फराळ विकायचा तर लायसन्स लागतं का?

भाजणीवाली
नमस्कार मंडळी, मी घोडबंदर रोडला राहते, गेली तीन वर्षं दिवाळीला ओळखीपाळखीत चकली, चिवडा, बेसन लाडू करून देते. आधी बिल्डिंगमधलीच चार घरं होती, मागच्या वर्षी ते साठ किलोवर गेलं आणि यंदा ह्यांच्या ऑफिसमधून विचारतायत की गिफ्टचे बॉक्स करून द्याल का. आता झालंय असं की माझी नणंद न्यू जर्सीला असते, तिने तिकडे घरून नानकटाई विकायचं परमिट काढलंय, ती म्हणते इकडे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, तुमच्या महाराष्ट्राचा काय आहे तो आधी बघ मग ऑर्डर घे. मी शोधलं तर एका साइटवर 2,500 रुपये भरा लायसन्स देतो, दुसरीकडे म्हणे घरच्या कामाला काही लागतच नाही. त्यात परवा लिफ्टमध्ये सेक्रेटरींनी विचारलं, काय वहिनी, कारखाना काढला का घरात? हसत विचारलं, पण विचारलं. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा प्लीज, व्हॉट्सअॅपवरचं ज्ञान भरपूर गोळा झालंय.

ऐरोलीची_मावशी
अगं घाबरू नकोस. मी 2021 पासून पोळीभाजीचे डबे देते, त्या अनुभवावरून सांगते. महाराष्ट्राचा वेगळा कायदा नाहीच, अन्न सुरक्षा आणि मानके कायदा 2006 हा दिल्लीचा, अख्ख्या देशाला एकच. आपलं राज्याचं एफडीए (अन्न आणि औषध प्रशासन) तो राबवतं, बघायला कोणी आलंच तर त्यांचाच फूड सेफ्टी ऑफिसर येणार. आणि घरच्या कामाला काही लागत नाही हे साफ खोटं, विकलं की धंदा झाला, मग गाळ्यात कर नाहीतर ओट्यावर. फक्त छोट्यांना लायसन्सऐवजी नुसतं रजिस्ट्रेशन पुरतं. मी केलं तेव्हा वर्षाला 12 लाखांपर्यंतची उलाढाल त्यात बसत होती (उलाढाल म्हणजे विक्री हं, नफा नव्हे, आपल्या बायका इथेच गोंधळतात), फॉर्म भरताना आत्ताचा आकडा पोर्टलवर बघून घे.

फी वर्षाला 100 रुपये. शंभर! मी गाढवासारखे एका एजंटला दोन हजार दिले, त्याने फोटो आणि आधार घेतलं, दहा मिनिटांत फॉर्म भरला आणि वर माझ्याच नावात स्पेलिंगची चूक करून ठेवली. ती तू सांगतेस तसली साइट सरकारी दिसते पण नसते. खरं पोर्टल फॉसकॉस, एफएसएसएआयचं (म्हणजे केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण). तिथे धंद्याच्या प्रकारात होम बेस्ड कॅन्टीन, डबेवाला असं होतं ते मी घेतलं, तू फराळ बनवतेस तर तुझं मॅन्युफॅक्चरिंगमध्ये येईल बहुतेक, नीट वाचून टिक कर. नियमात आहे की अर्जावर त्यांनी 7 दिवसांत काय ते करायचं, नाहीतर बघायला येतो असं कळवायचं, आणि 30 दिवस काहीच आलं नाही तर तू सुरू करू शकतेस. माझं नवव्या दिवशी आलं, कोणी बघायला आलं नाही. 14 आकडी नंबर मिळतो, रजिस्ट्रेशनचा 2 ने सुरू होतो.

बिनधास्त_वाशी
एवढं कोण विचारतं हो, माझी आई वीस वर्षं लोणची विकतेय, एकदा पण कोणी आलं नाही. करा बिनधास्त.

ऐरोलीची_मावशी
तुमच्या आईंचं लोणचं शेजारी जातं, हिचा बॉक्स ऑफिसात जाणार. तिथल्या अकाउंट्सवाल्याला बिल लागतं आणि 1 जानेवारी 2022 पासून बिलावर तो नंबर टाकायचाच आहे. आणि उद्या दोघांच्या पोटात दुखलं, मग ते बाहेरच्या पाणीपुरीने का असेना, पहिला फोन हिलाच येणार. शंभर रुपयांसाठी कशाला रिस्क.

घणसोली_ते_एडिसन
नणंदेचं तिच्या जागी बरोबर आहे. मी चार वर्षं न्यू जर्सीत होते. तिकडे घरगुती पदार्थांचा कायदा ज्याच्या त्याच्या राज्याचा, आणि न्यू जर्सी हे घरून विकायला परवानगी देणारं अगदी शेवटचं राज्य, ऑक्टोबर 2021 मध्ये. त्याआधी तिथल्या बायकांना स्वतःच्या ओव्हनमधला केक विकता येत नव्हता, कोर्टात गेल्या तेव्हा कुठे हललं. परमिट दोन वर्षांचं, 100 डॉलर, वर्षाची विक्री 50,000 डॉलरच्या आत आणि फ्रिजबाहेर टिकेल तेवढंच विकायचं. म्हणजे नानकटाई चालेल, श्रीखंड नाही, डबा तर नाहीच नाही. आपल्याकडे अशी अमुकच विका अशी यादी नाही, मी बघितलं तेव्हा छोट्या धंद्याला दिवसाला 100 किलो की लिटर अशी मर्यादा होती, दूध आणि मटणाचं वेगळं मोजत होते. मला तरी आपलं सोपं वाटलं. फक्त नणंदेला विकण्यासाठी माल पाठवायचा विचार असेल तर ते एक्स्पोर्ट, त्याला सेंट्रल लायसन्स लागतं आणि आयईसी कोड (आयात-निर्यातीचा सरकारी नंबर), त्यात या वर्षी पडू नका.

माजी_सेक्रेटरी
आधीच सांगतो, मी आमच्या सोसायटीत तीन वर्षं सेक्रेटरी होतो त्यामुळे शिव्या घालायच्या तर घाला. एफएसएसएआयचा कागद असला म्हणजे सोसायटी गप्प बसते असं नाही, फ्लॅट राहायला दिलेला आहे हा मुद्दा बाय-लॉजवाले काढतातच. पण खरं सांगू का, तक्रार कोणी कायद्यावरून करत नाही. आमच्याकडे एक ताई शेव-चकली करायच्या, अडीच महिने कोणाला काही नव्हतं, मग उरलेलं तेल सिंकमध्ये ओतायला लागल्या आणि खालच्या मजल्याचा पाइप तुंबला, त्या दिवशी अर्ज आला. तर तेल डब्यात गाळून ठेवा आणि घेऊन जाणाऱ्याला द्या, आणि तेच तेल परत परत तापवू नका, त्यालाही नियम आहे, पोलर कंपाउंड (तेल तापून तापून खराब होतं तेव्हा त्यात तयार होणारे घटक) 25 टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरायचं नाही, 2018 पासून. घरी ते मोजणार कोण, पण काळं पडून फेस यायला लागला की कळतं की. डिलिव्हरीवाल्यांना गेटवरच बोलवा, सेक्रेटरींना एक पत्र देऊन ठेवा, तोंडी नको.

दुसरं म्हणजे गॅस. 14.2 किलोचा लाल सिलिंडर घरच्या स्वयंपाकाचा, धंद्याला वापरणं नियमात बसत नाही, धंद्याचा 19 किलोचा निळा, आणि तो सातव्या मजल्यावर ठेवायला सोसायटी हो म्हणत नाही. पाइप गॅसचं पण घरगुती कनेक्शन घरापुरतंच. ही अडचण सगळ्यांना आहे आणि सगळे त्यावर डोळेझाक करतात, मी खोटं कशाला बोलू. इंडक्शनवर जेवढं होईल तेवढं करा. त्यात महावितरणचं बरं आहे, राहत्या घराच्या एका भागात धंदा केला तरी महिन्याला 300 युनिट आणि वर्षाला 3,600 च्या आत असाल तर घरगुती दरच लागतो. दिवाळीच्या महिन्यात मीटरवर लक्ष ठेवा.

सेक्टर_वीस_खारघर
एक छोटी गोष्ट कोणी सांगत नाही. नवी मुंबईवाल्यांनी जिल्हा नीट निवडा. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्हा, पण खारघर, कामोठे, पनवेल हे रायगड. मी सवयीने ठाणे टाकलं आणि अर्ज भलत्याच ऑफिसात जाऊन पडला, पंधरा दिवस नुसती वाट बघितली.

आणि गिफ्ट बॉक्स म्हणजे आधीच भरलेलं पाकीट, तिथे लेबल लागतं. पदार्थाचं नाव, घटक (जे जास्त ते आधी), हिरवा ठिपका, वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खायचं, बॅच नंबर, तुमचं नाव-पत्ता, तो 14 आकडी नंबर, एमआरपी. चिवड्यात शेंगदाणे आणि शंकरपाळ्यांत मैदा, ते अॅलर्जीच्या ओळीत वेगळं लिहा. मी प्रिंटिंगवाल्याकडून तारखेची जागा कोरी ठेवून हजार स्टिकर काढले आणि पेनने तारीख टाकायला बसले, दोन दिवसांनी शिक्का करून घेतला. जीएसटीचं आत्ता डोक्यात घेऊ नका, ती मर्यादा लांब आहे. गुमास्ता (दुकान-धंद्याची नोंदणी) म्हणाल तर 20 पेक्षा कमी माणसं असतील तर नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते, दुकानं-आस्थापनांच्या 2017 च्या कायद्यात.

भाजणीवाली
सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री पोरं झोपल्यावर बसले आणि भरला फॉर्म, शंभरच रुपये गेले. एकच अडलं, आधारवर अजून डोंबिवलीचा पत्ता आहे म्हणून इथल्या पत्त्याचा पुरावा मागितला, लाइट बिल सासऱ्यांच्या नावावर, मग त्यांचं संमतीपत्र पण जोडलं, बघू घेतात का. आणि माजी सेक्रेटरी, तुमचं ऐकून तेलाचं पत्रात लिहूनच दिलं आमच्या सेक्रेटरींना, ते म्हणाले ठीक आहे पण भाजणी भाजताना दार लावून घेत जा, वर वास येतो.

आता शेवटचा प्रश्न, बॉक्समध्ये अनारसे घालू का नको? ऑफिसवाले मागतायत.

ऐरोलीची_मावशी
नको घालूस. टॅक्सीत हलले की मोडतात आणि खसखस सगळ्या चिवड्यात. घालायचेच तर वेगळ्या डबीत, आणि त्या डबीचं लेबल वेगळं.