मदत हवी आहे: होरेन दुसऱ्यांदा गेलं, आता काय करू?

शिफ्टवाली
नमस्कार. फार लिहीत नाही, उद्या सकाळची आहे. भाषेच्या बी१ पातळीचे बाकीचे तीन पेपर निघाले, होरेन, म्हणजे ऐकायचा पेपर, परत गेलं. आधी ५०, आता ५७. एजन्सी म्हणते मार्चच्या आत दाखवा, नाहीतर पुढची बॅच. रोज दीड तास ऐकते. ॲपवर चारशे दिवसांची स्ट्रीक आहे. तरी तिथे हेडफोन लावला की कान बंद. वय ४३, क्लासातली बाकीची पोरं बाविशीतली. ऐकणं सुधारायला काय करायचं तेवढं सांगा. "चिकाटी सोडू नका" प्लीज नको, ते घरचे रोज सांगतात.

खाडीपलीकडे
कुठली भाषा?

जुनाच_आयडी
होरेन वाचून मला वाटलं हॉर्नचा त्रास आहे. घोडबंदर रोडला राहता का? 😀

टोकियो_ते_तुर्भे
जर्मन दिसतेय. ताई, उगाच त्या तीन लिंगांच्या डेर-डी-दासच्या नादी लागलात. जपानी घ्यायची होती. क्रियापद शेवटी, आपल्या ने-ला-चा सारखे प्रत्यय, उच्चार मराठी माणसाला लोण्यासारखे. जपानीच्या जेएलपीटी परीक्षेत बोलायचा भागच नाही. जुलै नाहीतर डिसेंबरमध्ये द्यायची, झालं.

खाडीपलीकडे
आणि कांजीची चित्रलिपी तुमचे काका पाठ करणार? तिचे तीन मोड्यूल निघालेत, एक राहिलंय, आणि तुम्ही भाषा बदलायला सांगताय. शिवाय ऐकायची परीक्षा जपानीतही आहेच की.

परदेशवारी
चान्सेनकार्टे बघा, जर्मनीत जाऊन नोकरी शोधायचं कार्ड. जून २०२४ पासून सुरू झालंय. त्याला जर्मन ए१ किंवा इंग्रजी बी२ चालतं, बाकी गुणांवर. बी१ साठी एवढी दगदग कशाला? डिटेल्स हवे तर व्यनि (खाजगी निरोप) करा.

शिफ्टवाली
जर्मनच हो, होरेन अजून कुठे असतं? मी नर्स आहे, आयसीयूत १९ वर्षं. तिथल्या मान्यतेसाठी पुढे बी२ करायचंच आहे, म्हणून हे अडकलेलं काढायचंय. कार्ड वगैरे नको. आणि जपानी तर नकोच.

ऐरोलीची_ताई
मी ४७ व्या वर्षी बी१ काढलं, म्हणून विचारते. परीक्षा ग्योथेची की टेल्कची? दीड तास ऐकता तो कुठे बसून? आणि मजकूर समोर ठेवून की नुसतं?

शिफ्टवाली
ग्योथे. ऐकते गाडीत, ठाणे ते वाशी आणि परत. डॉइचे वेलेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या. मजकूर मोबाइलवर उघडा असतो, नाहीतर काही कळत नाही. नाइट असली की परतताना डुलकी लागते ते वेगळं.

ऐरोलीची_ताई
सापडलं. ताई, तुम्ही ऐकत नाही, वाचताय. मागे कोणीतरी बोलतंय एवढंच. त्यात ट्रान्स-हार्बर लोकलचा खडखडाट.

आता हिशोब. होरेनला एकूण ३० प्रश्न. १८ बरोबर आले की ६० आणि पास. तुमचे ५७ म्हणजे १७. एका खुणेने गेलंय. ५० म्हणजे १५ होते. दोन वाढलेत, कान बंद वगैरे काही नाही. चार भाग असतात, त्यातला दुसरा आणि तिसरा एकदाच ऐकवतात. तिसऱ्यात काय होतं तुमचं?

शिफ्टवाली
तिथेच बोंब. एक शब्द अडला की मी त्याच्यापाशी थांबते. परवा "झ्वार"पाशी थांबले. मनात इंग्रजी लावलं, मग मराठी, तोवर बाई दोन प्रश्न पुढे. मग घाम.

ऐरोलीची_ताई
ठाणे स्टेशनला उभ्या असता तेव्हा घोषणेतला प्रत्येक शब्द ऐकता का? पनवेल की वाशी आणि कितव्या फलाटावर, एवढंच उचलता आणि चालायला लागता. तसंच करायचं. प्रश्न वाचायला वेळ देतात त्यात काय उचलायचंय त्याखाली रेघ मारा. शब्द गेला तर जाऊ दे. ग्योथेच्या साइटवर नमुना पेपर आवाजासकट फुकट आहे. घरी, दार लावून, मजकुराशिवाय, न थांबवता. मजकूर नंतर.

आणि मधलं इंग्रजी काढा. "वाइल इश म्यूडे बिन" घ्या. कारण मी दमलेली आहे. शब्दाला शब्द, क्रमसुद्धा तोच. इंग्रजीतून गेलात की "बिन" उचलून मध्ये आणावं लागतं. आकडेही तसेच, त्यांचं पाच-आणि-वीस म्हणजे आपलं पंचवीस.

सदाशिव_ठाणेकर
अगदी. लिंगंही तीन. तो-ती-ते आपल्या रक्तात आहे.

खाडीपलीकडे
रक्तात असून उपयोग काय काका? चमचा तो, लॉफेलही तो, इथवर जमलं. सुरी आपली ती, मेसर त्यांचं ते. काटा आपला तो, गाबेल त्यांची ती. जेवायला बसलं की भांडण.

सदाशिव_ठाणेकर
तीन लिंगं असतात हे तरी कोणी शिकवावं लागत नाही ना? इंग्रजी माध्यमवाल्यांना विचारा.

जुनाच_आयडी
अवांतर: ज्याच्या नावाने काळा घोड्याला ग्योथेचं भवन आहे तो जर्मन पंडित मॅक्सम्युलर भारतात कधी आलाच नाही. तिकडे बसून ऋग्वेद छापला. ऐकायची परीक्षा त्याला कुठे होती!

टोकियो_ते_तुर्भे
जपानीत लिंगच नाही. असो.

शिफ्टवाली
सहा दिवसांनी येतेय, सलग ड्युट्या होत्या. काल नाइट ऑफ होता, लेकाला बाहेर बसवलं, कुकरसुद्धा लावू दिला नाही. ३० पैकी १९. तिसऱ्या भागात सातपैकी पाच. दोन शब्द अडले, सोडून दिले, जीव कासावीस झाला पण सोडले.

गेलेल्यातलं एक बघा. बाई म्हणाली "हाल्ब झीबेन". मी लगेच हाफ पास्ट सेव्हन धरलं आणि साडेसातवर खूण केली. निघालं साडेसहा. ज्या वेळेला रोज बस पकडते तीच.

ऐरोलीची_ताई
सात वाजायला अर्धा, असं म्हणायचं. मी पण याच्यात एक गमावला होता. आता फक्त होरेनचीच तारीख घ्या, बाकीचे तीन परत द्यावे लागत नाहीत.

शिफ्टवाली
हो, तेवढंच भरतेय. तिसऱ्या भागाचा अजून कुठला पेपर असेल तर सांगून ठेवा, गुरुवारी बघते. चालले, नाइट आहे.