पाठीची डिसॅबिलिटी पेन्शन "पीस स्टेशन" म्हणून नाकारली. आता अपील करता येईल का?

कोरेगावचा हवालदार
जय हिंद. मी १९९८ ला भरती झालो, ऑगस्ट २०२२ ला हवालदार म्हणून घरी आलो. चोवीस वर्षं इन्फंट्री, त्यातली बरीचशी मॉर्टर प्लाटूनमध्ये. २०१३ च्या डिसेंबरात कुपवाड्याकडे पोस्टवर ८१ मिमी मॉर्टरची बेस प्लेट पाठीवर घेऊन चढत होतो. बर्फावर पाय सरकला. पडलो नाही, पण सावरताना कमरेत अशी चमक भरली की तिथंच गुडघ्यांवर बसलो. एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, गोळ्या आणि तीन दिवस अटेंड सी, म्हणजे ड्युटीतून सुट्टी, मिळाली. इंजुरी रिपोर्ट कुणी केला नाही आणि मीही मागितला नाही. पडलोच नाही तर इंजुरी कसली, असं तेव्हा वाटलं.

मग दीड-दोन वर्षं पट्टा बांधून काढली. २०१५ ला पलटण पीसला, म्हणजे सीमेपासून लांब शांत ठिकाणी, आली, उजवा पाय बधिर पडायला लागला, तेव्हा एमआरआय झाला. एल४-एल५ आणि एल५-एस१, कमरेच्या मणक्यांमधल्या दोन्ही गाद्या सरकलेल्या. मेडिकल कॅटेगरी आधी पी३, नंतर पर्मनंट पी२. सुटताना रिलीज मेडिकल बोर्डानं अपंगत्व २० टक्के आजन्म लिहिलं, आणि पुढच्या रकान्यात लिहिलं की हे सेवेमुळे झालेलं नाही आणि सेवेमुळे वाढलेलंही नाही. कारण काय, तर सुरुवात पीस स्टेशनला. २०२३ मध्ये क्लेम नाकारल्याचं पत्र आलं, सहा महिन्यांत अपील करा असं त्यात होतं. त्याच सुमारास वडील अंथरुणाला खिळले होते. पत्र पेटीतच राहिलं.

आज माझ्या बुटाची नाडी बायको बांधते. सिक्युरिटीची नोकरी धरली होती, बारा तास उभं राहवेना म्हणून सोडली. पैशाची गरज आहेच, ती लपवत नाही. पण चढावर लागलेलं दुखणं कागदावर पीसचं झालं, ते जास्त टोचतं. वेळ गेली का हो?

रिटायर्ड हेड क्लार्क, गडहिंग्लज
जय हिंद, हवालदार साहेब. उशीर झालाय, पण दार बंद झालेलं नाही. सुप्रीम कोर्टाचा २००८ चा तरसेम सिंग निकाल आहे. तेही आपल्यासारखेच फौजी, १९८३ ला मेडिकलवर घरी आले आणि हायकोर्टात गेले १९९९ ला. कोर्टानं सांगितलं की पेन्शन न देणं हा दर महिन्याला होणारा अन्याय आहे, त्यामुळे उशिरा आला म्हणून हक्क जात नाही. मात्र थकबाकी केस टाकल्यापासून मागं तीनच वर्षांची मिळते. तुम्हाला सुटून तीन वर्षं उलटून गेलीत, म्हणजे आता बसून राहिलात तर दर महिन्याला मागचा एक महिना बुडतो. या आठवड्यात कागद हलवा.

पहिलं अपील आपल्या रेकॉर्ड ऑफिसमार्फत करा, उशिराचं कारण खरं खरं लिहा आणि वडिलांचे दवाखान्याचे कागद जोडा. नाकारलं तर दुसरं अपील. तिथंही नाही झालं तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण, आपल्यासाठी मुंबई खंडपीठ. अपील टाकून सहा महिने उत्तरच आलं नाही तरी तिथं जाता येतं.

अपिलात सुप्रीम कोर्टाचा धरमवीर सिंग, २ जुलै २०१३, हा निकाल लिहायचाच. भरतीच्या वेळी डॉक्टरनं आजाराची नोंद केली नसेल, तर तो नोकरीतच झाला असं धरायचं, आणि तसं नाही हे सिद्ध करायचं काम सरकारचं. तुम्ही २१ सप्टेंबर २०२३ च्या आधी सुटलात, त्यामुळे त्या तारखेपासूनचे डिसॅबिलिटी पेन्शनचे नवे नियम तुम्हाला लागू नाहीत.

आणि २० टक्के म्हणजे थोडेच आहेत असं समजू नका. सुप्रीम कोर्टाच्या राम अवतार निकालानंतर, म्हणजे डिसेंबर २०१४ पासून, मुदत पूर्ण करून सुटलेल्यालाही राउंडिंग मिळतं, म्हणजे टक्के वाढवून धरतात, २० चे ५० होतात. शंभर टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, या हिशेबानं पन्नासला १५ टक्के. पन्नास हजार पगार धरला तर तीन हजारांऐवजी साडेसात हजार, वर महागाई वेगळी.

एएमसीचा (आर्मी मेडिकल कोर) नर्सिंग असिस्टंट, परभणी
दादा, बोर्डाचे कागद मी वर्षानुवर्षं भरलेत. "सुरुवात" म्हणून जी तारीख पडते ती बहुतेक वेळा पहिल्या स्पेशालिस्टच्या रिपोर्टवरून उचललेली असते. एमआरआयची तारीख म्हणजे आजार सापडल्याची तारीख. गादी एका दिवसात पायाच्या नसेवर येत नाही. आधी तिचं कवच फाटतं, कंबर धरते, मग आतला गर हळूहळू बाहेर येऊन नस दाबतो आणि पाय बधिर होतो. तुमचं २०१३ ते २०१५ अगदी असंच चाललेलं दिसतंय.

म्हणून एमआरआयच्या आधीचा एक तरी कागद शोधा. रिलीज बोर्डाचा फॉर्म एएफएमएसएफ-१६ आणि कॅटेगरीच्या प्रत्येक बोर्डाचा एएफएमएसएफ-१५, सगळ्यांच्या प्रती माहिती अधिकारात मागा. २०१५ च्या पहिल्या बोर्डात हिस्ट्री लिहिताना तुम्ही बर्फावरची गोष्ट सांगितली असणार. डॉक्टरनं ती एका ओळीत जरी उतरवली असेल तरी ती सरकारचीच नोंद आहे.

फौजीची बायको, नाशिकरोड
भाऊ, एकच सांगते. आमच्या ह्यांच्या वेळी एका वकिलानं थकबाकीतला तिसरा हिस्सा मागितला होता. निकालाच्या रकमेत वाटा घेणं वकिलांना नियमानंच मना आहे. आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, अर्ज लिहायला तिथं मदत होते. आणि वहिनींना सोबत न्या. तारखा बायकांच्या लक्षात राहतात, मला ह्यांच्या प्रत्येक ॲडमिशनची तारीख पाठ होती.

कोरेगावचा हवालदार
साहेब, दादा, ताई, तुमचे उपकार. काल रात्री काळी पेटी उपसली. मला वाकता येत नाही, मुलगी एकेक कागद काढून देत होती. पे बुकच्या प्लास्टिकच्या कव्हरात एमआय रूमची चिठ्ठी निघाली. घडीवर फाटलीय, शाई जांभळी पडलीय, पण वाचता येते. १४ डिसेंबर २०१३, कंबरदुखी, वजन उचलताना, तीन दिवस अटेंड सी, खाली डॉक्टरची सही आणि पलटणीचा शिक्का. तारखा खरंच बायकोलाच पाठ आहेत, २०१३ ला फोनवर काय बोललो होतो तेसुद्धा. सोमवारी दोघं साताऱ्याला सैनिक कल्याण कार्यालयात जातोय. चिठ्ठीच्या चार झेरॉक्स काढल्यात, मूळ चिठ्ठी हातातून सोडणार नाही.