लेखाधिकारी ते महापौर: बेळगावात वाट कशी आहे?

शहापूरकर विचारतात:
महापालिकेत मुख्य लेखाधिकारी म्हणून काम केलेल्या, हिशेबाला चोख माणसानं महापौर व्हायचं मनावर घेतलं तर नियम काय सांगतात? न्यूयॉर्कमध्ये शहराचे कंट्रोलर, म्हणजे हिशेब तपासणारे प्रमुख, महापौरपदाची निवडणूक लढवतात, एब बीम तर जिंकलेही. आपल्याकडे नोकरी सोडावीच लागते का? पेन्शनचं काय? आणि खुर्ची मिळाल्यावर तिजोरीवर किती चालतं?

नियमपुस्तक:
थेट महापौरपदाला उभं राहताच येत नाही. कर्नाटक महापालिका कायदा १९७६ नुसार आधी ५८ पैकी एका वॉर्डातून नगरसेवक, मग सभागृहातून महापौर, तोही एक वर्षासाठी. पद कुणासाठी राखीव ते सरकारच्या रोस्टरवर ठरतं. म्हणजे माणूस लायक असला तरी त्या वर्षी आरक्षण दुसऱ्याच प्रवर्गाचं निघालं की विषय संपला. निवड प्रादेशिक आयुक्तांसमोर हात वर करून होते. खासदार-आमदारांना मत असतं, सरकारनियुक्त सदस्यांना नसतं. पक्षाच्या चिन्हावर निवडून आलात तर व्हिप लागू, १९८७ चा पक्षांतरबंदी कायदा आहेच. आणि निवडून आलं म्हणजे लगेच महापौर होता येतं असंही नाही. मागची निवडणूक सप्टेंबर २०२१ ला झाली, महापौर निवड फेब्रुवारी २०२३ ला!

नोकरीत राहून अर्ज भरता येत नाही. लेखाधिकारी राज्य लेखा खात्यातून नेमणुकीवर आलेला असतो, म्हणजे राज्य सरकारी नोकर. नुसता राजीनामा देऊ नका, मागची सेवा पेन्शनसाठी बुडते. १५ वर्षांची अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा झाली असेल तर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घ्यावी. पालिकेला द्यायची आपली थकबाकी, घरपट्टी असो की पाणीपट्टी, आधी भरून ना-देय दाखला हातात ठेवा. छाननीत विरोधक पहिल्यांदा तेच काढतात.

ऑडिट पॅरा:
वरच्यांनी एक मोठी गोष्ट सोडली. लेखाधिकाऱ्याच्या काळातले ऑडिट पॅरा, म्हणजे लेखापरीक्षणातले आक्षेप, त्याच्या मागे येतात. बिल पास करताना मोजमाप पुस्तक (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) आणि टेंडरची कागदपत्रं न बघता सही झाली असेल, पारदर्शक खरेदी कायद्यातून सूट मिळालेली नसताना विनाटेंडर काम गेलं असेल, तर वसुली निघते. निवृत्तीनंतरही चार वर्षांच्या आतल्या घटनेवर विभागीय चौकशी सुरू होऊ शकते, पेन्शनमधून कपातही. प्रचारात हेच पॅरे पत्रकावर छापून येतात. म्हणून निवृत्तीआधी प्रत्येक पॅऱ्याला लेखी उत्तर देऊन तो वगळल्याचं पत्र घ्यावं.

जमाखर्च:
माझं मत सरळ आहे: हिशेबाच्या माणसानं महापौरपदामागे धावू नये, अर्थ व कर स्थायी समितीचं अध्यक्षपद बघावं. बजेट तिथून सभागृहात येतं. कार्यकारी अधिकार आयुक्तांचे. महापौर सभा चालवतो, विषय पुढे घेतो, मागे ठेवतो.

खरी मेख मागणी-वसुली-बाकीच्या तक्त्यात असते. समजा घरपट्टीची चालू मागणी १०० रुपये, जुनी बाकी ४०. बजेटमध्ये उत्पन्न दाखवतात १३०, हातात येतात ८०. कामं मात्र १३० धरून मंजूर झालेली. मार्चअखेर ठेकेदारांची बिलं अडकतात आणि एप्रिलला नव्या वर्षाच्या पैशातून तीच आधी जातात. एप्रिलमध्ये घरपट्टी भरली की ५ टक्के सूट, त्यामुळे तेव्हा तिजोरी भरलेली दिसते आणि नगरसेवक खूश. हिवाळ्यात बघा काय उरतं. अनुभवी लेखाधिकारी मागच्या तीन वर्षांच्या प्रत्यक्ष वसुलीवर उत्पन्न धरेल. तेवढं केलं तरी वॉर्डातल्या गटारीची घोषणा निम्मी होईल, आणि ते सभागृहाला पचवायचं कसं, हाच राजकारणाचा भाग.

शिवाय सगळा पैसा मोकळा नसतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) अनुदानातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला होता. राज्याच्या नियमाप्रमाणे २४.१० टक्के अनुसूचित जाती-जमातींसाठी राखून ठेवायचे.

खडेबाजार:
बीमचं उदाहरण दिलंत म्हणून: १९७४ ला महापौर झाले, १९७५ ला न्यूयॉर्क दिवाळखोरीच्या दारात. अल्पमुदतीच्या कर्जावर रोजचा खर्च चालवायची सवय शहराला आधीपासून होती, आणि आधी दोन वेळा ते स्वतःच कंट्रोलर होते. हिशेब येणं आणि नाही म्हणता येणं यांत फरक पडतो.

इथलं वेगळं दुखणंही लक्षात घ्या. सीमाप्रश्नाच्या ठरावावरून २००५ मध्ये आणि काळ्या दिनाच्या (१ नोव्हेंबर, कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा दिवस) फेरीतल्या सहभागावरून २०११ मध्ये सभागृह बरखास्त झालं. सभागृह नसलं की प्रशासक बजेट मांडतो, मग समिती अध्यक्षपदही गेलं.

शहापूरकर:
आभार. स्वेच्छानिवृत्तीची नोटीस आयुक्तांकडे द्यायची का?

नियमपुस्तक:
आयुक्तांमार्फत, पण उद्देशून आपल्या खात्याला. नियुक्ती अधिकारी आयुक्त नव्हे. पोच घ्या, आणि चौकशी प्रलंबित असेल तर परवानगी अडवतात हे धरूनच तारखा ठरवा. अर्ज भरायच्या दिवसाआधी निवृत्तीचा आदेश हातात हवा, नोटीस दिली एवढ्यावर छाननीत काही टिकणार नाही.