मदत हवी आहे: खेळण्याला स्विच जोडला, पण खेळणं वाजत नाही

पिवळी_नदी
लेक दिव्यांग आहे, खेळण्याचं छोटं बटण तिला दाबता येत नाही, म्हणून तिच्या खेळण्याला मोठा स्विच जोडायचाय. व्हिडिओत दाखवतात तशी, दोन तांब्याच्या पट्ट्या आणि मध्ये प्लॅस्टिक अशी चकती करून सेल आणि स्प्रिंगच्या मध्ये सरकवली, वायर स्विचला नेली. दाबलं तर काहीच होत नाही. सेल नवे आहेत. शनिवारी मावसभावंडं येणार आहेत, त्याआधी चालू व्हायला हवं. काय चुकतंय?

सोल्डर_गन
कोणतं खेळणं? सेल कोणते, किती? खेळण्याला स्वतःचं बटण आहे का? आणि "काहीच नाही" म्हणजे अगदी शांत, की स्पीकरमधून बारीक "टिक" येतो?

पिवळी_नदी
गाणारा कुत्रा. सेल साधेच. हो, टिक येतो.

संत्रा_मार्केट
ताई, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं का न? नसेल तर आधी ते करून घ्या. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना आहे, १ लाखापर्यंत. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून सहाय्यक साधनंही मिळतात. आपल्या नागपुरात सीआरसी (दिव्यांगांसाठीचं सरकारी पुनर्वसन केंद्र) आहे, तिथं चौकशी करा.

पिवळी_नदी
कार्ड आहे, निरामयही आहे. मला फक्त खेळणं चालू करायचंय.

सोल्डर_गन
टिक येतो म्हणजे तुमची चकती बरोबर आहे, खेळणं त्या पद्धतीचं नाही. चकती फक्त सेलचा करंट तोडते आणि जोडते. सरकवून चालू करायचा खटका असेल (ढोल वाजवणारं अस्वल, आगगाडी, बुडबुड्यांचं मशीन) तर तो कायम चालू ठेवायचा, बाकी काम चकती करते. गाणाऱ्या कुत्र्याचं तसं नसतं. करंट मिळाला की आतलं सर्किट जागं होतं आणि पंजातलं बटण दाबायची वाट पाहतं. तुम्ही स्विच दाबता तेव्हा ते जागं होतं, तोच तो टिक. सोडलं की मेलं. गाण्याची पाळीच येत नाही.

चकती काढून टाका. पंजाची शिवण उसवा. आत छोटी प्लॅस्टिकची डबी असेल, तिच्यातून दोन बारीक वायरी पोटाकडे जातात. त्यांचं आवरण साधारण ५ एमएम सोला, पण वायर तोडू नका. आता सेल घालून दोन्ही उघडे भाग एकमेकांना टेकवा. गाणं सुरू झालं तर जागा सापडली. मग सेल काढून तिथंच समांतर दोन वायरी सोल्डर करा आणि त्यांना ३.५ एमएमचं (हेडफोनच्या मापाचं) मोनो सॉकेट लावा, स्विचची पिन त्यात बसते. पंजातलं मूळ बटणही चालू राहील. दोन्हींपैकी कोणतीही वायर कोणत्याही पायाला लावा, हा नुसता संपर्क आहे, प्लस-मायनस नाही.

दुकानात बहुधा तीन पायांचं स्टीरिओ सॉकेट हातात देतात. तेही चालेल: टोकाचा आणि बुडाचा पाय वापरा, मधला मोकळा सोडा. इथंच बहुतेक जण अडकतात.

कन्हान
एवढी चिरफाड कशाला? ढोलवालं खेळणं आणा, चकती सरकवा, काम झालं. घरात सोल्डरिंग, बाजूला लहान लेकरू, हे मला पटत नाही.

सोल्डर_गन
मूल झोपल्यावर करायचं. २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न पुरते. आणि हातात असलेलं, मुलाला आवडणारं खेळणं सोडून दुसरं आणा, हे उत्तर नाही. चकतीचेही त्रास आहेतच: पट्टीच्या कडा एकमेकींना लागल्या की खेळणं बंदच होत नाही, आणि जाड चकतीने स्प्रिंग वाकते.

कन्हान
मग सरळ टॅबलेटच घ्या ना. अँड्रॉइडमध्ये स्विच ॲक्सेस (बाहेरच्या स्विचने टॅबलेट चालवायची सोय) आहे. प्रो मायक्रो (कोड टाकता येणारा छोटा आर्डुइनो बोर्ड) घ्या, तो कीबोर्ड म्हणून ओळखला जातो. स्विच दाबला की स्पेस पाठवायचा, ओटीजी केबलने जोडायचा. कोडमध्ये ५० मिलिसेकंदांचा डीबाउन्स (दाबानंतर थोडा थांबा) ठेवा, नाहीतर एका दाबात दोनदा लागतं. आर्डुइनोचा उनो बोर्ड घेऊ नका, तो नुसता कीबोर्ड बनत नाही.

आसनमांड
थांबा जरा. मुलीचं वय किती, निदान काय, बसते कशी, कोणता हात वापरते, हे कुणीच विचारलं नाही. पिवळी_नदी, स्विच कोणता आहे आणि ठेवलाय कुठे?

पिवळी_नदी
४ वर्षं, सीपी (सेरेब्रल पाल्सी), स्पास्टिक म्हणजे स्नायू ताठ, उजवा हात जास्त ताठ. आधाराशिवाय बसत नाही. स्विच १० सेंटीमीटरचा गोल, डाव्या हाताशी. कुत्रा उजवीकडे, कारण वायर तिकडेच पुरते.

आसनमांड
कुत्रा उजवीकडे नको. मान उजवीकडे वळली की अशा बऱ्याच मुलांचा उजवा हात आपोआप ताठ होतो आणि डावा दुमडून वर जातो. म्हणजे स्विचवरचा हातच उचलला जाणार. यात तिचा दोष नाही, तो प्रतिक्षिप्त प्रतिसाद आहे. कुत्रा बरोबर समोर, मध्यावर, डोळ्यांच्या किंचित खाली ठेवा. वायर लांब करायची तर स्विचकडची करा. खेळण्याबाहेर १०–१५ सेंटीमीटरपेक्षा जास्त वायर लोंबू देऊ नका, गळ्यात अडकते.

बसणं आधी: कंबर, गुडघे, घोटे तिन्ही ९० अंशांत, तळवे पाटावर टेकलेले, लोंबते नकोत. टेबल कोपराच्या उंचीचं. स्विचखाली कपाटात अंथरतात ती जाळीची रबरी मॅट घाला, सरकत नाही. वेल्क्रो त्याहून पक्कं. आणि तिचा हात धरून स्विच दाबून देऊ नका. गरज पडली तर कोपराखाली आधार द्या. "दाब, दाब" न म्हणता १० सेकंद थांबा. या मुलांना हालचाल जुळवायला वेळ लागतो, आपण मध्ये बोललो की दचकून सगळं अंग ताठतं.

संत्रा_मार्केट
आमच्याकडे दुसरा प्रश्न आहे. भाच्याला श्रवणयंत्र आहे. कूलर सुरू झाला की खरखर येते.

आसनमांड
बहुधा कूलरच्या हवेतली ओल. रात्री यंत्र सिलिका जेलच्या घट्ट डबीत ठेवा, पण सेल काढून. श्रवणयंत्रातला झिंक-एअर सेल त्या डबीत ठेवला तर आतून सुकतो. जेलच्या खड्यांचा रंग बदलला की खडे बदला, आणि डबी मुलाच्या हाताला लागू देऊ नका. बाकीसाठी वेगळा धागा काढा, इथं गोंधळ होईल.

कन्हान
टॅबलेटचं कुणी बोललंच नाही. चित्रांवरून बोलायचं जेलो ॲप आयआयटी मुंबईत तयार झालंय, मराठीत आहे, फुकट आहे. पण आधी खेळण्यावर हात बसू द्या, बोलायचं ॲप नंतर.

आसनमांड
"नंतर" हे चूक आहे. खेळणं जमलं की मगच बोलणं, अशी पायरी नसते. चित्रं दाखवून संवाद आजपासून सुरू करता येतो, त्यासाठी स्विच पक्का व्हायची वाट पाहू नका. ४ वर्षांच्या मुलीला "पुन्हा" आणि "नको" हे सांगायला आजच काहीतरी हवं. कागदावरची दोन चित्रंही चालतील.

पिवळी_नदी
वाजलं! पंजातल्या वायरीच होत्या. बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) स्टीरिओ सॉकेटच मिळालं, मधला पाय सोडला. कुत्रा समोर ठेवल्यावर हात खरंच खाली राहिला. आता अडचण अशी की ती दाबते आणि हात उचलत नाही, गाणं संपलं की दुसऱ्यांदा लागत नाही.

कन्हान
५५५ टायमर (एका दाबावर ठरावीक वेळ चालू ठेवणारी चिप) लावा. १०० किलोओहमचा रेझिस्टर आणि ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर साधारण ५ सेकंद मिळतात. साधा ५५५ चार-साडेचार व्होल्टच्या खाली नीट चालत नाही, कमी व्होल्टवर चालणारा सीमॉस प्रकारचा घ्या.

सोल्डर_गन
इथं टायमरचं कामच नाही. एका दाबात पूर्ण गाणं वाजतंय. टायमर दाबून धरावं लागणाऱ्या खेळण्याला.

आसनमांड
सोडणं हे दाबण्यापेक्षा अवघड असतं. स्विच टेबलावर सपाट ठेवू नका, खाली पाचर घालून तिच्याकडे थोडा कलता ठेवा, म्हणजे हात आपसूक घसरतो. गाणं संपलं की तुम्ही कुत्र्याकडे बघत थांबा, हात ओढून काढू नका.

सोल्डर_गन
शिवण मिटवण्याआधी दोन गोष्टी. वायरीला आतल्या बाजूने गाठ मारा, म्हणजे ओढ सांध्यावर येणार नाही. सांधे श्रिंक स्लीव्हने (गरम केल्यावर आकसणाऱ्या नळीने) झाका. नुसत्या ग्लू गनवर विसंबू नका, मे महिन्यात बंद गाडीत राहिलं तर गोंद मऊ पडतो. कुत्र्यात बटणसेल असतील तर झाकणाला स्क्रू हवाच, गिळला तर अन्ननलिका जाळतो.

पिवळी_नदी
पेन्सिल सेल आहेत, स्क्रू आहे. शनिवारी भावंडांना पण वाजवायचं असणार. दोन स्विच एकत्र चालतील का?

सोल्डर_गन
चालतील. हेडफोनचा वाय-स्प्लिटर कुत्र्याच्या सॉकेटात लावा, दोन तोंडांना दोन स्विच. कोणताही दाबला तरी वाजेल. तिचा स्विच आहे तिथंच राहू द्या, दुसरा टेबलाच्या पलीकडे.