मदत हवी आहे: वसतिगृहाचे फाटक सातला बंद होते, अभ्यासिका मात्र नऊपर्यंत उघडी असते

नमस्कार मंडळी,

मी पश्चिम महाराष्ट्रातील एका महिला महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. रसायनशास्त्र हा माझा मुख्य विषय असून मी महाविद्यालयाच्याच वसतिगृहात राहते. महाविद्यालयाचे आणि शहराचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही, कारण मला कोणाचीही बदनामी करायची नाही. मला फक्त एक अर्ज नीट करायचा आहे आणि तो करताना कोणा मुलीचे शिक्षण धोक्यात येऊ नये, एवढी काळजी घ्यायची आहे.

अडचण समजण्यासाठी आमचा दिवस सांगावा लागेल. सौरबंबाचे गरम पाणी पहिल्या तीस-चाळीस बादल्यांपुरतेच पुरते, त्यामुळे पहाटे पाचला उठावे लागते. दुपारी त्याच इमारतीत कनिष्ठ महाविद्यालय भरत असल्याने आमची व्याख्याने सकाळी साडेसात ते साडेअकरा या वेळेत होतात. मग मेसमध्ये जेवण आणि साडेबारापासून प्रात्यक्षिके. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आम्हाला एका सत्रात २२ श्रेयांक (क्रेडिट) पूर्ण करायचे असतात आणि व्याख्यानाच्या एका श्रेयांकाला १५ तास लागतात, तर प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास द्यावे लागतात. त्यामुळे आठवड्यातले चार दिवस प्रयोगशाळेतच जातात. ब्युरेट-पिपेट धुऊन, जर्नलवर सही घेऊन बाहेर पडेपर्यंत चार वाजून जातात. खोलीवर येऊन कपडे धुतले आणि चहा घेतला, की महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील अभ्यासिकेत पोहोचायला पाच होतात.

आणि सहा चाळीसला तिथून उठावे लागते. वसतिगृह रस्त्यापलीकडे, चालत आठ-दहा मिनिटांवर आहे, फाटक सातला बंद होते आणि सव्वासातला हजेरी होते. उशीर झाला तर रजिस्टरमध्ये कारण लिहावे लागते आणि तीन वेळा उशीर झाला तर घरी फोन जातो. म्हणजे ज्या अभ्यासिकेची वेळ रात्री नऊपर्यंत आहे, तिचा उपयोग आम्हा वसतिगृहातील मुलींना दिवसाकाठी जेमतेम पावणेदोन तास होतो.

खोलीवर अभ्यास करा, असे कोणी सुचवेल. एका खोलीत आम्ही चौघी राहतो, एकच ट्यूब आहे आणि ती साडेदहाला बंद करावी लागते. वसतिगृहातली अभ्यासाची खोली म्हणजे मेसचाच हॉल; साडेसात ते नऊ तिथे जेवणाच्या पंगती असतात आणि नंतर शंभरावर मुलींसाठी चोवीस खुर्च्या उरतात. मुख्य अडचण मात्र पुस्तकांची आहे. ग्रंथालयातून पुस्तके घरी नेण्याच्या बी.टी. कार्डावर दोनच पुस्तके मिळतात, आणि सेंद्रिय व भौतिक रसायनशास्त्राचे जाड संदर्भग्रंथ बाहेर नेता येत नाहीत, ते अभ्यासिकेत बसूनच वाचावे लागतात. विकत घ्यावेत तर एकेका पुस्तकाची किंमत माझ्या महिन्याच्या मेसच्या बिलाच्या जवळपास जाते. माझे वडील माण तालुक्यात कोरडवाहू शेती करतात. त्यांच्याकडे मी पुस्तकांसाठी आणखी पैसे मागू शकत नाही.

एक गोष्ट मला विशेष खटकते. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, म्हणून त्या दिवशी बाहेर जेवून येण्यासाठी आठपर्यंत सवलत मिळते आणि त्यात आजवर काही गैर घडल्याचे मी ऐकलेले नाही. जेवणासाठी जी सवलत देता येते ती वाचनासाठी का देता येऊ नये, हे मला समजत नाही. आमच्याच संस्थेचे मुलांचे वसतिगृह शहरात दुसऱ्या बाजूला आहे आणि त्याचे फाटक दहाला बंद होते.

मागच्या महिन्यात आम्ही अकरा जणींनी रेक्टर मॅडमना अर्ज दिला. त्यात फक्त सोमवार ते शुक्रवार साडेआठपर्यंत अभ्यासिकेत बसू द्यावे, एवढेच मागितले होते. मॅडम स्वभावाने चांगल्या आहेत. मी आजारी पडले तेव्हा त्यांनीच मला रिक्षाने दवाखान्यात नेले होते. त्यांनी अर्ज ठेवून घेतला, "पालकांना उत्तर मला द्यावे लागते," एवढेच म्हणाल्या. तीन आठवडे काहीच झाले नाही. त्यानंतर कार्यालयातून आमच्यापैकी एकीच्या घरी फोन गेला, की तुमची मुलगी पुढारीपण करते. तिच्या वडिलांनी तिला सांगितले आहे, की असेच चालणार असेल तर सत्र संपल्यावर घरी ये. तेव्हापासून तिघींनी आपले नाव काढून घ्यायला सांगितले आहे आणि मला त्यांचा मुळीच राग नाही.

आता मला आपला सल्ला हवा आहे. पुढचा अर्ज रेक्टरना द्यावा की थेट प्राचार्यांना? सर्वांनी मिळून द्यावा की प्रत्येकीने वेगळा? आणि पालकांना यात आधीच घ्यावे का? आपल्यापैकी कोणी वसतिगृहात राहून अशी वेळ वाढवून घेतली असेल, तर ती कशी मिळाली ते कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

मुली, तुला एकेरी संबोधते आहे, राग मानू नकोस. मी मुलींच्या वसतिगृहात आधी विद्यार्थिनी म्हणून राहिले आणि पुढे चौदा वर्षे रेक्टर होते, म्हणून टेबलाच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत.

तुमच्या रेक्टर "पालकांना उत्तर द्यावे लागते" म्हणाल्या, ते टाळाटाळीचे वाक्य समजू नकोस. प्रवेशाच्या वेळी पालक हमीपत्रावर सही करतात आणि त्यात बहुधा फाटकाची वेळ छापलेली असते. सातनंतर फाटकावर एकच पहारेकरी असतो आणि एखादी मुलगी आली नाही, तर तिला शोधायला जाणारी दुसरी व्यक्ती रेक्टरशिवाय कोणी नसते. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हापासून मुलींना घराबाहेर ठेवून शिकवणाऱ्या प्रत्येक संस्थेला आधी घरच्यांचा विश्वास मिळवावा लागला आहे. त्या विश्वासापोटीच पुष्कळ नियम आले आणि ज्या कारणासाठी ते आले ते कारण संपले, तरी ते तसेच राहिले.

म्हणून तुमच्या अर्जात मागणीच्या जोडीला व्यवस्थाही लिहा. साडेआठला अभ्यासिकेतून सर्व जणी एकत्र निघतील, ग्रंथालयाच्या नोंदवहीत आणि फाटकावर अशा दोन ठिकाणी वेळेसह सह्या करतील, आठवड्याला दोघी जणी पाळीने जबाबदारी घेतील. उशिरा येणाऱ्यांचे ताट झाकून ठेवता येईल का, हे मेसच्या मावशींना अर्जापूर्वीच विचारून घ्या. माझ्या काळात वेळ वाढवण्याचा प्रस्ताव एकदा केवळ ताटांच्या प्रश्नावर अडला होता. रस्त्यावरचा दिवा बंद असेल तर नगरपालिकेला वेगळा अर्ज द्या आणि त्याची प्रत सोबत जोडा. कायमची वेळ न मागता या सत्राच्या परीक्षेपर्यंत सहा आठवडे प्रायोगिक सवलत मागा. आमच्याकडे ती तशीच सुरू झाली आणि नंतर ती बंद करावी, असे कोणाला वाटले नाही.

पालकांना मात्र आधीच घ्या. प्रत्येकीच्या वडिलांची किंवा आईची सही असलेले साधे संमतिपत्र जोडले, की रेक्टरच्या हाती उत्तर येते. घरी फोन कार्यालयातून जाण्यापूर्वी तुमचा गेला पाहिजे.

रविवारच्या सवलतीचा मुद्दा फार चांगला आहे. तो अर्जात अगदी वर लिही.

प्रतिसाद २

मी वकिली करतो आणि माझी धाकटी बहीणही वसतिगृहात राहून शिकली आहे. वरच्या प्रतिसादातील पद्धत प्रथम वापरावी असेच मीही सांगेन. तरीही तुमच्या मागणीचा कायदेशीर पाया काय आहे हे तुम्हाला ठाऊक असावे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लैंगिक छळ प्रतिबंधाविषयीच्या २०१५ च्या विनियमांत असे स्पष्ट म्हटले आहे, की सुरक्षिततेचे कारण पुढे करून वसतिगृहातील विद्यार्थिनींवर विद्यार्थ्यांच्या तुलनेत भेदभाव करणारे नियम लादू नयेत. महिला महाविद्यालयात मुलेच नाहीत, मग तुलना कोणाशी, असे तुम्हाला विचारले जाईल. त्यासाठी संस्थेच्या मुलांच्या वसतिगृहाची छापील नियमावली मिळवून ठेवा. २०२२ साली कोळिकोडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थिनी रात्री साडेनऊच्या बंधनाविरुद्ध केरळ उच्च न्यायालयात गेल्या होत्या आणि त्यानंतर तिथल्या सरकारने मुला-मुलींच्या वसतिगृहांना सारखाच नियम लागू केला. तुमची मागणी तर त्या बंधनाहूनही एक तास अलीकडची आहे.

अर्ज प्राचार्यांच्या नावे करावा आणि 'रेक्टर यांच्यामार्फत' असे वर लिहावे, म्हणजे रेक्टरना डावलल्यासारखे होणार नाही. तो आवक-जावक विभागात द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का व तारीख घालून पोच घ्यावी. मागचा अर्ज हातोहात दिला असेल तर कागदोपत्री तो दिलाच गेलेला नाही. अर्ज एकच असावा आणि सह्या वर्णानुक्रमे असाव्यात, म्हणजे कोणी एक पुढारी ठरत नाही. उत्तर आले नाही, तर आयोगाच्याच २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असणे आवश्यक आहे. तिने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि त्यापुढे विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते. या पायऱ्यांचा उल्लेख पहिल्याच अर्जात करू नका. तो वाचणाऱ्याला धमकीसारखा वाटेल.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. काकू, तुम्ही मला एकेरीच संबोधा.

काल रात्री आम्ही मेसच्या हॉलमध्ये बसून अर्ज नव्याने लिहिला. मावशींनी दहा ताटे झाकून ठेवायचे कबूल केले आहे, फक्त प्रत्येकीने आपले ताट स्वतः घासायचे. वरिष्ठ महाविद्यालयाच्या ग्रंथपाल सरांनी नोंदवही ठेवायला होकार दिला आणि संदर्भग्रंथ वापरणाऱ्या मुलींची मागच्या दोन महिन्यांची यादीही काढून देतो म्हणाले, हे मी मागितलेही नव्हते. मी वडिलांना फोन केला. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतले आणि रस्त्यावर दिवा आहे का, एवढे एकच विचारले. दोन खांबांपैकी एकाचा दिवा बंद आहे, तेव्हा नगरपालिकेचा अर्जही लिहायला घेतला आहे.

एक प्रश्न अजून उरला आहे. जिच्या घरी फोन गेला होता, तिला या अर्जावर सही करायची आहे, पण तिचे वडील संमतिपत्र देणार नाहीत. ती सज्ञान आहे, एकोणीस वर्षांची आहे. संमतिपत्राविना तिची सही घेतली, तर बाकीच्यांचा अर्ज अडेल का? आणि तिला वगळले, तर ज्या मुलीने या मागणीसाठी सर्वांत जास्त सोसले तिलाच अभ्यासिका मिळणार नाही. काकू, तुमच्याकडे असा प्रसंग आला असेल, तर तुम्ही त्या मुलीच्या वडिलांशी कसे बोलला होता ते कृपया सांगा. अर्ज सोमवारी द्यायचा आहे.